वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन आणि मानवी आरोग्य

पश्चिम ऑस्ट्रेलियातील मेंढपाळांपुढे १९४० नंतरच्या काही वर्षांत एक चमत्कारिक संकट उभे राहिले. कुरणे हिरवीगार होती, मेंढ्या अंगाने भरलेल्या होत्या, लोकरही चांगली उतरत होती. परंतु कोकरे होईनात. ज्या मेंढ्या गाभण राहत त्यांतल्या कित्येक विताना अडत, काहींचे मायांग बाहेर येई. सर्वांत आश्चर्याची गोष्ट म्हणजे खच्ची केलेल्या नरांच्या आचळांतही दूध उतरू लागले. बेनेट्स, अंडरवुड आणि शिअर या संशोधकांनी १९४६ साली या विकाराचा शास्त्रीय वृत्तान्त प्रसिद्ध केला. दोष मेंढ्यांच्या वंशात नव्हता की कोणत्या रोगजंतूचाही नव्हता. तो चाऱ्यात होता. ‘सबटरेनिअन क्लोव्हर’ हे शेंगवर्गीय चाऱ्याचे पीक तेथे मोठ्या प्रमाणावर लावण्यात आले होते आणि त्याच्या पानांत स्त्रीसंप्रेरकासारखे कार्य करणारे द्रव्य होते. मेंढीच्या पोटातील जिवाणू या द्रव्याचे ‘इक्वॉल’ नावाच्या अधिक प्रभावी द्रव्यात रूपांतर करीत. पुढे हे द्रव्य कमी असलेल्या क्लोव्हरच्या जाती तयार करण्यात आल्या आणि संकट पुष्कळसे आटोक्यात आले. मात्र जुन्या कुरणांवर अनेक हंगाम चरलेल्या काही मेंढ्या कायमच्या वांझ राहिल्या.

प्राण्याच्या प्रजननक्रियेत ढवळाढवळ करू शकणारे द्रव्य साध्या हिरव्या पाल्यात असू शकते, ही गोष्ट त्यानंतर कोणालाही नाकारता आली नाही. साहजिकच पुढला प्रश्न निघाला तो माणसाचा. माणूस क्लोव्हर खात नाही. पण सोयाबीन खातो, जवस खातो, तीळ खातो. या धान्यांतही त्याच कुळातील द्रव्ये आहेत. महाराष्ट्रात आज चाळीस लाखांहून अधिक हेक्टर जमीन सोयाबीनखाली आहे आणि सोयाबीनची वडी शहरांतल्या दुकानांपासून गावच्या आठवडी बाजारापर्यंत पोचली आहे. शाळेतील मुलांच्या ताटात ती वाढली गेली की ‘हे खाऊन मुलगे बायकी होतात म्हणे’ अशी शंका पालक शिक्षकांना विचारतात. दुसरीकडे हीच द्रव्ये गोळ्यांच्या रूपाने ‘चाळिशीनंतरच्या स्त्रियांसाठी संजीवनी’ म्हणून विकली जातात. या दोन्ही समजुतींची शहानिशा करण्याइतके संशोधन आता उपलब्ध आहे.

वनस्पतीला त्याचा उपयोग काय?

इस्ट्रोजेन हे मुख्यतः स्त्रीच्या बीजकोशात तयार होणारे संप्रेरक. वयात येताना शरीराची घडण बदलणे, मासिक पाळीचे चक्र चालणे, हाडांतील चुना टिकून राहणे या सर्वांशी त्याचा संबंध आहे. पुरुषाच्या शरीरातही ते थोड्या प्रमाणात असते आणि तेथेही हाडांसाठी ते लागते. वनस्पतींना बीजकोशही नाही आणि मासिक पाळीही नाही. मग त्यांच्यात हे द्रव्य कशासाठी?

खरे पाहता वनस्पतींतील ही द्रव्ये इस्ट्रोजेन नव्हेतच. त्यांच्या रेणूची ठेवण इस्ट्रोजेनच्या रेणूशी काहीशी जुळते, एवढेच. सोयाबीनच्या मुळांतून ‘जेनिस्टीन’ आणि ‘डायडझीन’ ही द्रव्ये मातीत पाझरतात. जमिनीतील रायझोबियम गटातील जिवाणूंना तो संकेत असतो. तो मिळताच ते मुळांकडे येतात आणि गाठी तयार होऊन हवेतील नत्र पिकास मिळू लागते. पेरणीपूर्वी बियाण्यास जिवाणू खत चोळणाऱ्या शेतकऱ्याला या गाठी चांगल्या परिचयाच्या आहेत. ते जिवाणू आणि पीक यांच्यातील संभाषण ज्या द्रव्यांमार्फत चालते, तीच द्रव्ये माणसाच्या पोटात गेल्यावर संप्रेरकाची नक्कल करतात. याखेरीज बुरशी व किडी यांच्यापासून बचाव करण्यासाठीही वनस्पती अशी द्रव्ये बनवितात. लसूणघासाच्या पानांवर बुरशीचे ठिपके पडले किंवा मावा आला की तीतील ‘कुमेस्ट्रॉल’ या द्रव्याचे प्रमाण एकदम वाढते, ते याचमुळे. रोगट घास गाभण जनावरांना किंवा फळविण्यासाठी ठेवलेल्या मेंढ्यांना भरपूर घालू नये, असा सल्ला पशुवैद्य देतात. गाई या बाबतीत मेंढ्यांइतक्या नाजूक नाहीत.

काही अभ्यासकांच्या मते वनस्पती आपल्याला खाणाऱ्यांची पैदास या मार्गाने आवरते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात लाव्हा पक्ष्यांचा अभ्यास करून १९७६ साली असे दाखविण्यात आले की, अवर्षणाच्या वर्षी खुरटलेल्या रोपट्यांत ही द्रव्ये अधिक असतात आणि त्या वर्षी लाव्ह्यांची वीण घटते. पाऊसकाळ चांगला असला की रोपे फोफावतात, द्रव्य कमी होते आणि वीण वाढते. कल्पना मोहक आहे. ती सर्वत्र लागू पडते असे मात्र म्हणता येणार नाही.

कुलूप, किल्ली आणि आतड्यातील जिवाणू

संप्रेरकाचे कार्य कुलूप आणि किल्ली यांच्यासारखे चालते. पेशीत ‘ग्राही’ नावाची प्रथिने असतात. इस्ट्रोजेनचा रेणू त्यात नेमका बसला की पेशीला हुकूम मिळतो. दीर्घ काळ असा एकच ग्राही आहे अशी समजूत होती. १९९६ साली स्वीडनमधील संशोधकांनी दुसरा ग्राही शोधून काढला आणि बराचसा गोंधळ उलगडला. पहिला, ‘अल्फा’ ग्राही, गर्भाशय व स्तन यांत प्रामुख्याने आढळतो. दुसरा, ‘बीटा’ ग्राही, अन्य अनेक ऊतींत विखुरलेला आहे. सोयाबीनमधील द्रव्ये बीटा ग्राहीला अधिक सहजतेने चिकटतात, अल्फाला फार कमी. शिवाय त्यांचे बळ शरीरातील खऱ्या इस्ट्रोजेनच्या तुलनेने शेकडो, काही वेळा हजारो पटींनी कमी असते. किल्ली कुलपात जाते, पण ते पुरते उघडत नाही. उलट ती आत असेतो खऱ्या किल्लीला मज्जाव होतो. यामुळेच एकच द्रव्य कोठे इस्ट्रोजेनसारखे, तर कोठे इस्ट्रोजेनच्या विरोधी वागते. ‘सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेन असते’ हे वाक्य यास्तव दिशाभूल करणारे आहे.

दुसरी गुंतागुंत आतड्यात आहे. मेंढीच्या पोटात तयार होणारे इक्वॉल १९३२ साली प्रथम घोडीच्या मूत्रात सापडले होते आणि १९८२ साली ते माणसाच्या मूत्रातही आढळले. परंतु सोयाबीन खाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या शरीरात ते तयार होत नाही. पाश्चात्त्य देशांत सुमारे पाव ते एकतृतीयांश, तर जपानमध्ये निम्म्याच्या आसपास वा अधिक प्रौढांच्या आतड्यांत ते बनविणारे जिवाणू असतात. इतरांच्या आतड्यांत ते नाहीत. एकाच पंगतीत एकच पदार्थ जेवलेल्या दोघांच्या रक्तात त्यामुळे वेगवेगळी द्रव्ये फिरतात. या विषयावरील अनेक प्रयोगांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत, त्याचे हे एक मोठे कारण मानले जाते. उंदरांवरील प्रयोगांवरून माणसाबद्दल घाईने बोलू नये याचेही हेच कारण, कारण उंदीर जवळपास सर्वच इक्वॉल बनवितात.

आपल्या स्वयंपाकघरात

आहारातील या द्रव्यांचे दोन गट माणसाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. ‘आयसोफ्लेव्होन’ हा गट प्रामुख्याने सोयाबीनमध्ये आढळतो. शंभर ग्रॅम कोरड्या सोयाबीनमध्ये ते साधारणतः शंभर ते दीडशे मिलिग्रॅम असतात. हरभरा, तूर, मूग यांतही ते आहेत, पण नाममात्र. म्हणजे रोज वरण-भात किंवा मोड आलेल्या कडधान्यांची उसळ खाणाऱ्याने या द्रव्यांची काळजी करण्याचे कारण नाही.

‘लिग्नन’ हा दुसरा गट. त्यात जवसाचा हात कोणी धरू शकत नाही. शंभर ग्रॅमला सुमारे तीनशे मिलिग्रॅम इतके त्याचे प्रमाण आहे. तीळ त्याच्या खालोखाल, पण बराच मागे. आतड्यातील जिवाणू लिग्ननपासून ‘एंटरोलॅक्टोन’ नावाचे द्रव्य बनवितात आणि तेच रक्तात जाते. विदर्भात घरोघरी होणारी जवसाची चटणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. जवस भाजून, कुटून खाण्याची रीत आजच्या शास्त्रालाही पटणारी आहे. कारण अख्खे जवस गुळगुळीत कवचामुळे न पचताच बाहेर पडते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सोयाबीनमधील ही द्रव्ये तेलात उतरत नाहीत. महाराष्ट्रात पिकणारे बहुतेक सोयाबीन तेलगिरण्यांत जाते; शुद्ध केलेल्या सोयाबीन तेलात आयसोफ्लेव्होन जवळजवळ नसतात. ते पेंडीत राहतात आणि पेंड बहुतांशी कोंबड्यांच्या खाद्यात किंवा परदेशी जाते. तेल काढलेल्या पिठापासून केलेल्या वड्यांत मात्र ते टिकून असतात. ज्याच्या शिवारात शेकडो क्विंटल सोयाबीन पिकते त्याच्या ताटात ते क्वचितच असते, हा विरोधाभास आहे. वस्तुतः सोयाबीन आहारात आणण्याचा प्रयत्न या राज्याला नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३५ साली गांधीजींनी त्याचा प्रयोग केला होता आणि ‘हरिजन’ पत्रात त्यावर लिहिलेही होते. कुमाऊंच्या डोंगरात ‘भट’ म्हणून काळे सोयाबीन, नागालँडमध्ये आंबवलेले ‘अखुनी’ आणि सिक्कीममध्ये ‘किनेमा’ हे पदार्थ तर पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जात आहेत.

स्त्रियांच्या आरोग्याचा प्रश्न

जपानमध्ये प्रौढ व्यक्तीच्या आहारातून दररोज पंचवीस ते पन्नास मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन जातात. अमेरिका व युरोपात हे प्रमाण दोन-तीन मिलिग्रॅमच्या पलीकडे सहसा नसते. जपानी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग कमी होता आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपानी कुटुंबांतील पुढच्या पिढ्यांत तो वाढला, हे पाहून संशोधकांचे लक्ष आहाराकडे वेधले गेले. फिनलंडचे हर्मन ॲड्लरक्रॉइट्झ यांनी १९८० च्या दशकात लिग्नन व आयसोफ्लेव्होन यांना या संरक्षणाचे श्रेय देणारी उपपत्ती मांडली. अर्थात जपानी व अमेरिकन जीवनात सोयाबीनखेरीज इतरही शंभर गोष्टी भिन्न आहेत. केवळ अशा तुलनेवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

त्याच वेळी उलट दिशेची भीतीही होती. स्तनाचे काही कर्करोग इस्ट्रोजेनवर पोसतात. मग ज्या स्त्रीस हा रोग होऊन गेला आहे तिने सोयाबीन खावे काय? अनेक वर्षे डॉक्टर ‘नको’ असेच सांगत. चीनमधील शांघाय शहरात अशा ५,०४२ स्त्रियांचा पाठपुरावा करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. सर्वांत अधिक सोयापदार्थ खाणाऱ्या स्त्रियांत रोग उलटण्याचे व मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी कमी आढळले. सोयाबीनमुळेच हे घडले असे यावरून म्हणता येत नाही. पण ते घातक नव्हते एवढे निश्चित म्हणता येते. मात्र शांघायच्या स्त्रिया टोफू व सोयादूध घेत होत्या, गोळ्या नव्हेत. रुग्णाने आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून अर्काच्या गोळ्या घेऊ नयेत, हा नियम आजही लागू आहे.

ऋतुनिवृत्तीच्या काळात अनेक स्त्रियांना अंगातून वाफा निघाल्यासारखे होते, रात्री दरदरून घाम फुटतो. आयसोफ्लेव्होनमुळे हा त्रास काहीसा कमी होतो असे अनेक प्रयोगांच्या एकत्रित तपासणीत दिसले. पण लाभ माफक आहे आणि सर्वांनाच होतो असेही नाही. हाडांच्या बाबतीत निराशाच पदरी आली. अमेरिकेत मायामी येथे २४८ स्त्रियांवर दोन वर्षे चाललेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दररोज दोनशे मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन देऊनही हाडांची झीज थांबली नाही, अंगाची आगही कमी झाली नाही. ‘हाडांसाठी’ म्हणून सोयाअर्काच्या महागड्या गोळ्यांवर पैसे खर्च करणाऱ्यांनी हा निष्कर्ष अवश्य लक्षात घ्यावा.

हृदयविकाराबाबतही दाव्यांचा ताव असाच उतरत गेला. १९९९ साली अमेरिकन शासनाच्या अन्न व औषध प्रशासनाने, रोज पंचवीस ग्रॅम सोयाप्रथिन हृदयविकाराचा धोका कमी करू शकते, असे वेष्टनावर छापण्यास मुभा दिली. २००६ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने पुरावा पुन्हा तपासला तेव्हा रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल केवळ तीन टक्क्यांच्या आसपास घटते व त्यात आयसोफ्लेव्होनचा वाटा दिसत नाही, असे आढळले. २०१७ साली त्याच प्रशासनाने ती परवानगी मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. मांसाऐवजी सोयाबीन खाणाऱ्याला त्यातील तंतू आणि चांगल्या स्निग्धांशामुळे लाभ होतो, ही गोष्ट वेगळी.

मुलगे, पुरुष आणि अफवा

सोयाबीनने पुरुषत्व घटते या समजुतीला आधार किती? वैद्यकीय वाङ्मयात २००८ साली नोंदला गेलेला एक रुग्ण याबाबत नेहमी पुढे केला जातो. साठ वर्षांच्या त्या अमेरिकन गृहस्थाचे स्तन वाढले व दुखू लागले. चौकशीत कळले की तो दररोज सुमारे तीन लिटर सोयादूध पीत असे. ते बंद करताच लक्षणे ओसरली. इतक्या अतिरेकी सेवनावरून सर्वसाधारण आहाराची पारख करणे न्याय्य नाही. पुरुषांवरील एकेचाळीस प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण २०२१ साली प्रसिद्ध झाले. सोयाप्रथिन अथवा आयसोफ्लेव्होन यांच्या सेवनाने पुरुषी संप्रेरकाची पातळी बदलत नाही, असा त्याचा स्पष्ट निष्कर्ष आहे.

शाळेतील मुलाच्या वाट्याला दहा-पंधरा ग्रॅम कोरड्या वड्या आल्या तर ढोबळमानाने त्याच्या पोटात दहा-पंधरा मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन जातात, तेही आठवड्यातून एक-दोन वेळा. त्याच वड्यांतून त्याला पाच ते सात ग्रॅम प्रथिन मिळते. ज्या घरात दूध-अंडी रोज परवडत नाहीत तेथे या प्रथिनाचे मोल मोठे आहे. निराधार भीतीपोटी मुलांनी ताटातील वड्या बाजूला काढून ठेवाव्यात, यात त्यांचेच नुकसान आहे.

तान्ह्या बाळांची गोष्ट मात्र निराळी आहे. आईच्या दुधाऐवजी केवळ सोयाबीनपासून बनविलेल्या बालान्नावर वाढणारे मूल आपल्या वजनाच्या मानाने प्रौढ जपानी माणसापेक्षाही कितीतरी अधिक आयसोफ्लेव्होन घेते. अशा बाळांच्या रक्तातील या द्रव्यांचे प्रमाण त्यांच्या स्वतःच्या इस्ट्रोजेनच्या १३ ते २२ हजार पट असल्याचे १९९७ साली नोंदले गेले. या द्रव्यांचे बळ अल्प असल्याने हा आकडा वाटतो तितका भयंकर नाही. बालपणी हे अन्न घेतलेल्या तरुण-तरुणींची २००१ साली जी तपासणी प्रसिद्ध झाली तीत स्त्रियांची मासिक पाळी किंचित लांबणे यापलीकडे विशेष फरक आढळला नाही. तरीही काही विशिष्ट आजारांत वैद्यकीय सल्ल्याने दिले जाणारे हे अन्न आहे, सोय म्हणून नव्हे. बाजारातील किंवा घरी केलेले साधे सोयादूध तर बालान्नाची जागा मुळीच घेऊ शकत नाही. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, ही अंगणवाडी सेविका सांगत असलेली गोष्ट येथेही खरी आहे.

अवटू ग्रंथी आणि गोळ्यांचा व्यापार

१९६० पूर्वी सोयाबीनच्या बालान्नावर वाढलेल्या काही बाळांना गलगंड झाला होता. त्या अन्नात आयोडीन घालण्यास सुरुवात होताच हा प्रकार थांबला. आयोडीन पुरेसे मिळणाऱ्या निरोगी माणसाच्या अवटू ग्रंथीला, म्हणजे थायरॉइडला, सोयाबीनपासून अपाय होत नाही. ज्या घरात अजूनही आयोडीनविरहित खडेमीठ वापरले जाते तेथे आधी मीठ बदलणे हाच उपाय. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र गोळी आणि सोयापदार्थ यांत काही तासांचे अंतर ठेवावे, कारण सोयाबीनमुळे औषधाचे शोषण घटते.

आहारातील द्रव्य आणि त्याच द्रव्याचा अर्क यांत भेद करावाच लागतो. इटलीत ऋतुनिवृत्त स्त्रियांना पाच वर्षे दररोज दीडशे मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन गोळ्यांतून देण्यात आले, तेव्हा त्यांतील काहींच्या गर्भाशयाचे अस्तर जाड झाल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. कर्करोग कोणासही झाला नव्हता. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली उपलब्ध पुरावा तपासून, नेहमीच्या मात्रेत स्तन, गर्भाशय वा अवटू यांना अपाय झाल्याचे दिसत नाही असा निर्वाळा दिला. जपानच्या अन्नसुरक्षा आयोगाने २००६ साली अधिक सावध भूमिका घेतली होती. सोयाबीन पिढ्यान्‌पिढ्या खाणाऱ्या त्या देशाने आहार व पूरक अन्न मिळून दिवसाला सत्तर ते पंचाहत्तर मिलिग्रॅम ही मर्यादा घातली, त्यात गोळ्यांतून येणारा वाटा तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा असे म्हटले, आणि गर्भवती स्त्रिया व बालके यांनी गोळ्या घेऊ नयेत असा सल्ला दिला. टोफू किंवा मिसो या पदार्थांवर त्या आयोगाने कोणतेही बंधन घातलेले नाही.

घरचे सोयाबीन वापरणाऱ्यांसाठी एक सूचना उरते. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारे द्रव्य असते आणि ते उष्णतेने नष्ट होते. म्हणून दाणे रात्रभर भिजवून, ते पाणी ओतून देऊन, चांगले शिजवावेत. गव्हाबरोबर दळावयाचे झाल्यास दाणे आधी उकळून, वाळवून किंवा खरपूस भाजून घ्यावेत. दहा भाग गव्हास एक भाग सोयाबीन घेतले तर पोळीची चव फारशी बदलत नाही. आयसोफ्लेव्होन या शिजविण्याने बव्हंशी तसेच राहतात, काही अंश भिजविलेल्या पाण्याबरोबर निघून जातो.